चोर्ल्याच्या चढाला ८०० बंद पडूलालीय, कार्बोरेटर दोनदा खोलला तरी फरक नाही

शहापूरकर_८००
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरं पण अर्धवट येतात. बाबांची मारुती ८००, १९९६ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली (हवा न् पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो तो कार्ब), २२ पासिंग म्हणजे बेळगावची. बाबा तीन वर्षांमागं गेले, गाडी मी विकली नाही आणि विकणार पण नाही, त्यामुळं "काढून टाका, नवी घ्या" असं कृपया कुणी लिहू नका.

गावात गाडी एकदम बरी चालते. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फला सुरू, स्लोला बसते, आईला कपिलेश्वरला सोडून आणतो, पहिल्या गेटपासून तिसऱ्या गेटपर्यंत कितीही फिरवा काही नाही. पण लांब चढाला लागली की मेली. पहिल्यांदा झालं ते गोव्याहून येताना, केरी सोडली, चोर्ल्याचा चढ सुरू झाला, तिसऱ्या गिअरवर पाय दाबलेला, तीनचार किलोमीटर व्यवस्थित आली आणि मग कुणीतरी मागनं दोरी लावून ओढल्यासारखे झटके द्यायला लागली, दुसऱ्यावर घेतली, पहिल्यावर घेतली, शेवटी एका वळणावर बंदच. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची वेळ आली. दहापंधरा मिनिटं थांबून परत मारला तर काही झालंच नाही अशी सुरू! दोन किलोमीटर पुढं परत तेच. कणकुंबी येईपर्यंत चारदा थांबलो, वरनं पाऊस, मागं आई बसलेली, एक शब्द बोलली नाही ती, पण मला कसंतरी झालं.

आल्यावर एका गॅरेजला दाखवली. कार्ब खोलला, धुतला, नवीन किट घातलं, निडल बदलली. चारच दिवसांनी तवंदी घाटात तेच. परत खोलला, आता प्लग, पॉइंट, कॉइल, फिल्टर सगळं नवीन. पेट्रोल कमी पडूलालंय म्हणून जेट (कार्बमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) पण "थोडं मोकळं" करून दिलं. लाईन फुंकून बघितली, टाकीत बुडबुडे वाजले, लाईन क्लिअर म्हणाले. सहा हजाराच्या आसपास गेले आणि गाडी आहे तशीच. आता ते म्हणतात कार्बच बदला. बदलू काय? कुणाला असं झालेलं हाय काय?

चिकोडीचा_भाऊ
दादा, एक सांगा, बंद पडताना कशी पडते? खटकन दिवा विझल्यासारखी, की रडत रडत? कॉइल गरम होऊन मरत असेल तर गाडी एकदम जाते, झटके देत बसत नाही. तुमची झटके देऊलालीय, मग ते पेट्रोलचंच वाटतंय. माझ्या ओम्नीला कॉइलचा त्रास होता तेव्हा चालू गाडीत सरळ शांतता व्हायची.

शहापूरकर_८००
रडत रडत. आधी ओढ कमी होते, मग झटके, मग बंद. पाय सोडला की थोडी सावरते, दाबला की परत.

खानापूर_जांबोटी
आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात बऱ्याच जुन्या गाड्या अशा करतात बघा. दोन गोष्टी. एक म्हणजे पेट्रोलमध्ये पाणी, आणि आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्यानं ते हवेतलं दमट पण ओढून घेतं, गाडी महिना महिना उभी राहिली तर तळाला पाणी वेगळं होऊन बसतं. दुसरं म्हणजे उंची. घाटावर हवा विरळ, त्यामुळं हवा-पेट्रोलचं मिक्स्चर बिघडत असेल.

पद्मिनी_निपाणी
आमच्याकडं वडिलांची पद्मिनी आहे, १०८९ सीसीची, अजून चालू आहे. हे वेपर लॉक आहे असं मला तरी वाटतंय. चढाला इंजिन तापतं, पंपात न् पाईपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. तवंदी घाटात आम्ही लहान असताना वडील पंपावर ओलं फडकं ठेवायचे, वरनं तांब्यानं पाणी सोडायचे, पाच मिनिटांत गाडी सुरू. तुम्ही पण एकदा फडकं ठेवून बघा की. थांबल्यावर सुरू होते म्हणजे निवल्यावर सुरू होते, खरं का नाही?

शहापूरकर_८००
पद्मिनीदादा, फडकं ठेवून नाही बघितलं. पण पहिल्यांदा झालं तेव्हा धो धो पाऊस होता, हवा गार होती, टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या खाली होता. म्हणून मला वेपर लॉक मनाला पटत नाही, पण करून बघतो.

जुनाफिटर
सगळं वाचलं. मी चाळीस वर्षं हेच काम केलं, आता हात थरथरतात म्हणून बंद केलंय, पण डोकं चालतंय. उंचीचं आधी निकालात काढतो. उंचीवर हवा विरळ होते तेव्हा मिक्स्चर रिच होतं, लीन नाही, म्हणजे पेट्रोल जास्त पडल्यासारखं होतं. आणि आपलं बेळगाव मुळातच साडेसातशे मीटरवर वसलंय, गाडी रोज त्याच हवेत चालतीय, चोर्ल्याला त्यानं गाडी बंद पडायचं कारण नाही.

आता बाळा, तू कार्ब बदलायच्या आधी एक फुकटचं काम कर. तुझ्या ८०० च्या कार्बला फ्लोट चेंबरच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या कप्प्याच्या, अंगावर एक छोटी काच आहे, तिच्यात मधोमध गोल खूण दिसते. गाडी स्लोला चालू असताना पेट्रोलची पातळी त्या गोलाच्या आत पाहिजे. बऱ्याच लोकांना ती काच आहे हेच ठाऊक नसतं, वरनं मळ बसलेला असतो. ती पुसून घे. मग गाडी चढाला घेऊन जा, आणि ज्या क्षणाला बंद पडेल त्या क्षणाला, सेल्फ न मारता, खाली उतर, बोनेट उघड आणि टॉर्च लावून त्या काचेत बघ. काच भरलेली असेल तर पेट्रोल कार्बपर्यंत आलंय, दोष कार्बच्या आत नाहीतर करंटात. काच रिकामी असेल तर कार्ब बिचारा उपाशी आहे, त्याला कितीही खोला काय उपयोग. आणि त्याच वेळी टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत ओढली आणि गाडी लगेच सुरू झाली तर टाकीचा श्वास बंद आहे. एकट्यानं जाऊ नको. कुणीतरी मागं दुसरी गाडी घेऊन असू दे, टोचन पण घेऊन जा.

उद्यमबाग_लेथ
काकांनी सांगितलंय तेच करा. जेट "मोकळं" केलं म्हणजे काय केलं ते पण विचारा त्यांना. तार घातली असेल तर ते मला पटत नाही. आम्ही उद्यमबागेतल्या कारखान्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचं काम करतो, पितळेच्या जेटात पोलादी तार म्हणजे तो जेट बाद.

शहापूरकर_८००
काका, मंडळी, रविवारी जाऊन आलो. मित्र बोलेरो घेऊन मागं होता. खाली उतरून चोर्ल्याचा चढ परत चढलो. घरनं निघताना काच पुसून घेतली, पातळी बरोबर गोलात, टिपका लावल्यासारखी. चढाला साडेतीन किलोमीटरवर झटके सुरू, मी पाय दाबूनच ठेवला, बंद पडली. पळत उतरलो, बोनेट उघडलं, टॉर्च मारली.

काच रिकामी. तळाला केसाएवढी एक रेघ हलत होती, बाकी काही नाही.

टाकीचं झाकण उघडलं, फुस्स बिस्स काही नाही, सेल्फ मारला तरी सुरू नाही. पंपावर ओलं फडकं ठेवलं, फरक नाही. पंपाला हात लावून बघितला तर कोमटच होता. मग काही न करता बारा मिनिटं थांबलो, सेल्फ मारता मारता काचेत मित्राला बघायला सांगितलं, तो ओरडला "येऊलालंय, येऊलालंय", काच भरली आणि गाडी सुरू झाली. म्हणजे कार्ब उपाशीच होता. सहा हजार खर्चले आणि त्या काचेत कुणी बघितलं नव्हतं.

चिकोडीचा_भाऊ
मग पंप गेलाय. आतला रबरी पडदा, डायफ्रॅम, फाटला असेल. नवीन पंप काय फार महाग नाही, टाकून मोकळे व्हा.

जुनाफिटर
थांबा, अंदाजानं सामान बदलूनच सहा हजार गेलेत. पंप गेला असता तर गावातपण कधीतरी दगा दिला असता, आणि डायफ्रॅम फाटला की बहुतेक वेळा ऑइलात पेट्रोलचा वास येतो. डिपस्टिक काढून वास घे. तरीपण पंप तपासून घे: कार्बकडे जाणारा पाईप काढून बाटलीत सोड, कॉइलची मधली वायर काढून अर्थला लाव म्हणजे ठिणगी उडायची नाही, इंजिन थंड पाहिजे, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांग. पिचकारीसारखं ठोक्याठोक्याला पेट्रोल आलं पाहिजे. हे उघड्यावर कर, शेडमध्ये नको, जवळ ओली वाळू ठेव.

पण माझा संशय वेगळाच आहे. तू पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंयस की लाईन फुंकून बघितली आणि क्लिअर निघाली. तिथंच सगळे फसतात. फुंकताना हवा पंपाकडनं टाकीकडं जाते, उलट्या दिशेनं, दाबानं. पेट्रोल मात्र टाकीकडनं पंपाकडं येतं, आणि ते दाबानं नाही, ओढून येतं. तुला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आठवते का? पंपानं हवा मारली की आत जाते, बाहेर यायला लागली की तीच रबर चिकटून बसते. जुन्या रबरी पाईपचं आतलं अस्तर सुटलं की तसंच होतं. फुंकलं की ते अस्तर बाजूला होतं, बुडबुडे येतात, मेकॅनिक खूश. ओढलं की तेच अस्तर आडवं येतं. गावात पेट्रोल थोडं लागतं, ओढ कमी, त्यामुळं भागतं. चढाला तीनचार किलोमीटर सलग ओढ बसली की पाईप आतनं मिटतो, गाडी बंद पडली तरी आतली ओढ लगेच सुटत नाही, दहा मिनिटांनी सैल होतं आणि परत वाट मोकळी.

म्हणून फुंकू नको, ओढून बघ. जनावरांच्या औषधाच्या दुकानात मोठी पिचकारी मिळते, शंभर मिलीची. पंपाला येणारा पाईप पंपाकडनं काढ, पिचकारी लाव आणि एका दमात ओढ.

पद्मिनी_निपाणी
काका, हे आमच्या डोक्यात आलंच नसतं. वेपर लॉकचा माझा अंदाज चुकला, मान्य.

शहापूरकर_८००
झालं, सापडलं! काल संध्याकाळी अंगणात गाडी लावली. ऑइलला वास नाही, पंपाची पिचकारी पण चांगली बसते. मग काकांनी सांगितली तशी पिचकारी आणून पाईपला लावली. पहिल्या ओढीला पेट्रोल सुळकन आलं, अर्धी पिचकारी भरली. तशीच ओढत राहिलो तर दांडा जड होत गेला, जड होत गेला, आणि अडकला. सोडला तर दांडा आपोआप मागं गेला, रबरबँड ताणून सोडल्यासारखा. मी तीनदा केलं, तीनदा तसंच. आणि उलटं दाबलं की काही अडथळा नाही, पेट्रोल मजेत टाकीत परत!

मग गाडी मागनं उचलली, खाली स्टँड लावले, नुसत्या जॅकवर गाडीखाली गेलो नाही. टाकीकडनं येऊन लोखंडी लाईनला जोडणारा वीतभर रबरी तुकडा, वरनं बघाल तर एकदम धडधाकट, चीर नाही, ओल नाही. पाईप काढला आणि ब्लेडनं उभा चिरला. आतलं काळं अस्तर फुगून मऊ झालेलं, बोटाला शाई लागल्यासारखं लागत होतं, आणि क्लिपच्या जवळ एका बाजूनं सुटून जिभेसारखं लोंबत होतं. करंगळीच्या नखाएवढी ती जीभ, फोटो टाकलाय. तिनं आईला चोर्ल्याच्या पावसात चारदा थांबवलं.

खानापूर_जांबोटी
फोटो बघितला. बापरे. हे इथेनॉलनंच झालेलं असणार. आता सगळीकडं २० टक्क्यांचंच पेट्रोल.

चिकोडीचा_भाऊ
इथेनॉलच्या नावानं ओरडायचं तर आधी आपल्याच भागाकडं बघायला लागेल. आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो तिथंच इथेनॉल काढणारी डिस्टिलरी हाय. शेतकऱ्याला बिल वेळेवर मिळूदे, मला त्यात आनंदच हाय. पण १९९६ च्या गाडीच्या रबराला हे पेट्रोल ठाऊक नव्हतं, हे पण खरं.

जुनाफिटर
दोन्ही खरं आहे. तीस वर्षांच्या आसपास आलेला रबर तसाही मेलेलाच होता, इथेनॉलनं त्याला आतनं फुगवलं. आता पाईप घेताना नुसता "पेट्रोल पाईप द्या" म्हणू नको. अंगावर एसएई जे ३० आर ९ असं छापलेला घे, त्याचं आतलं अस्तर इथेनॉलला टिकतं. आणि एकच तुकडा बदलून थांबू नको, टाकीपासून कार्बपर्यंत जेवढे रबरी तुकडे आहेत तेवढे सगळे बदल, जादा पेट्रोल टाकीकडं परत नेणारी रिटर्न लाईन पण. एक सडला म्हणजे बाकीचे त्याच वयाचे आहेत. क्लिप पातळ तारेच्या नकोत, त्या रबरात घुसतात.

शहापूरकर_८००
सगळे बदलले काका. पाईप बेळगावात नाही मिळाला, कोल्हापूरहून उद्यमनगरातनं मागवला. गाडी आता चढाला पळतीय, पण नवीनच भानगड. मागनं काळा धूर, स्लोला पेट्रोलचा वास डोळ्याला झोंबूलालाय, आणि अ‍ॅव्हरेज अकरावर आलं! आधी सोळा-सतरा द्यायची. प्लग काढले तर तिन्ही काजळी धरलेले, कोरडी काळी काजळी.

उद्यमबाग_लेथ
मी म्हटलं होतं की जेटचं. आजवर पेट्रोलच कमी येत होतं म्हणून तो मोठा केलेला जेट लपून गेला, आता भरपूर येतंय तर तो भसाभसा ओतूलालाय. जेट काढून माझ्याकडं आणा, उद्या सेकंड शिफ्टला आहे, दुपारी बारापर्यंत घरी असतो. पत्ता मेसेज करतो.

उद्यमबाग_लेथ
जेट बघितला, इथंच लिहितो म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. सोलेक्स पद्धतीच्या जेटवर जो आकडा कोरलेला असतो तो भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० लिहिलं म्हणजे १ मिलिमीटर. मी गेज पिनांनी मोजलं तर कोरलेल्या आकड्यापेक्षा १० टक्के जाड पिन आरामात गेली, आणि लेन्सखाली भोक गोल पण राहिलेलं नाही, एका बाजूला तारेचा ओरखडा आहे. लोकांना वाटतं १० टक्के म्हणजे काय मोठंसं, पण व्यास १० टक्के वाढला की क्षेत्रफळ २१ टक्के वाढतं. पेट्रोल क्षेत्रफळातनं जातं. शिवाय आतली कड खरडली की धार वेडीवाकडी पडते. हा जेट फेकून द्या. त्याच आकड्याचा नवीन बसवा.

पद्मिनी_निपाणी
एक शंका. २० टक्के इथेनॉलला जेट थोडा मोठाच लागतो ना? मी वाचलं होतं की कार्बच्या गाड्या या पेट्रोलवर लीन चालतात.

जुनाफिटर
शंका बरोबर आहे. साध्या पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला ९ च्या आसपास, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बघतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कार्बला डोळे नाहीत, तो भोकाएवढंच देतो. म्हणून थोडी लीन चालते. पण त्याला हवं तर एक नंबर मोठा, कंपनीचा कोरलेला जेट घालायचा, तार घालायची नाही. आणि त्याच्याही आधी आहे त्या नंबरचा घालून दोनशे किलोमीटर चालवायची आणि प्लग बघायचा. प्लग सांगतो. पांढरा फटक पडला तर लीन, काळा पडला तर रिच, दुधाच्या चहाच्या रंगाचा आला तर हात लावू नको. अ‍ॅव्हरेज मात्र पहिल्याएवढं येणार नाही हे धरून चाल, इथेनॉलमध्ये ताकदच पेट्रोलपेक्षा लिटरमागं एक तृतीयांश कमी असते, म्हणजे २० टक्क्यांत सहासात टक्क्यांचा फरक पडणारच.

शहापूरकर_८००
उशिरा लिहितोय, माफ करा, घरी वास्तुशांत होती. जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्याकडं त्याच आकड्याचा, तार न लागलेला जेट मिळाला, लेथवाल्या दादांनी मोजून खात्री करून दिली, पैसे घेतले नाहीत. काकांनी फोनवरनं सांगितलं तसा स्लोचा स्क्रू लावला, गाडी पूर्ण गरम करून, चोक पूर्ण आत असताना, इंजिन जिथं सगळ्यात एकसारखं फिरतं तिथं आणून ठेवला. सोलेनॉइड (चावीबरोबर कार्बमधलं पेट्रोल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) पण तपासला, चावी फिरवली की कार्बपाशी टिक वाजतो.

परवा आईला घेऊन मुद्दाम त्याच रस्त्यानं गेलो. केरीपासून वर कणकुंबीपर्यंत तिसऱ्या-दुसऱ्यावर एकदाही पाय सोडायला लागला नाही. ज्या वळणावर पहिल्यांदा बंद पडली होती तिथं आईनं मागनं नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी येऊन प्लग काढले, तिन्ही चहाच्या रंगाचे. अ‍ॅव्हरेज सोळाला थोडं कमी.

चिकोडीचा_भाऊ
दादा लई बरं वाटलं. माझी ओम्नी १९९८ ची हाय, मी पण आज पिचकारी आणली. टाकीकडचा पाईप ओढला तर ठीक हाय, पण रिटर्नचा तुकडा दाबला की मऊ लागूलालाय. तो पण तसाच होणार काय?

जुनाफिटर
रिटर्नमध्ये पेट्रोल पंपाच्या दाबानं जातं, तिथं ओढ नाही, त्यामुळं तो मिटायचा नाही. पण मऊ झाला म्हणजे पाझरायला लागणार, आणि तो गरम इंजिनाजवळनं जातो. उद्या बदल. बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नको.